शेवट नसलेली चाल

आमच्या पारनेरकडच्या गावात हंगामाच्या सणाला चर्चमध्ये लिलाव असतो. कुणी बाजरीची कणसं आणतं, कुणी अंडी, कुणी कोंबडा. उपासना झाली की सहादेवकाका एकेक वस्तू उचलून बोली पुकारतात. बोली चालू तोवर माझे वडील, इसहाकमास्तर, मांडी घालून फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, एकच ठरलेली चाल वाजवणार आणि काका 'तीन वार' म्हणाले की ती जिथं असेल तिथं तुटणार, ही आमची रीत.

त्यामुळे ती चाल पुरी कुणी ऐकलीच नव्हती. खरी गोम वेगळीच होती. ती पुरी बाबांनाही येत नव्हती.

पोरवयात त्यांना ती मिशनशाळेच्या मिसबाईंनी शिकवली आणि एक दिवस बाई विलायतेला निघून गेल्या. चाल जिथं संपते तिथं संपल्यासारखी वाटतच नाही, जिन्याची शेवटची पायरी हुकावी तसं होतं. "बाईनं अर्धीच भाकर वाढली," बाबा म्हणायचे. मला शिकवा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "अर्धवट इद्या देऊ न्हाई, आराधना." मी पन्नाशी ओलांडली तरी तेच. मला भारी राग यायचा. आता तर त्यांचे हात थरथरू लागले होते, चाल त्यांच्याबरोबरच जाणार या विचारानं मला झोप लागेना.

शेवटी मी ती मोबाईलवर घेतली, इंटरनेटवर टाकली आणि विचारलं, पुढचं कुणाला येतं का? इंग्लंडच्या उत्तरेतून, नॉर्थम्बरलंडमधून, हॅनाचं उत्तर आलं. ती तिकडच्या खेड्यापाड्यांतल्या वादकांकडं बसून जुन्या चाली गोळा करते. ही चाल तिच्या आजोबांच्या गावची निघाली. "मीच येते," म्हणाली आणि सणाला खरंच हजर झाली. बायकांनी तिला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. डोळ्यांतून पाणी आलं, पण ताट चाटूनपुसून खाल्लं पठ्ठीनं.

सहादेवकाकांनी भोपळा उचलला. बाबांनी सुरुवात केली, शेजारी हॅना उभ्यानं, हनुवटीखाली फिडल धरून. ती अडलेली जागा आली. बाबा थांबले. हॅना मात्र तिथूनच पुन्हा पहिल्या सुरावर गेली. पुन्हा तीच जागा, पुन्हा सुरुवात.

"आगं, म्होरचं कधी?" बाबा कासावीस झाले.

मी हॅनाला विचारलं. ती म्हणाली, "पुढचं काही नाहीच. नाचाची चाल आहे ही. नाचणारे दमेपर्यंत फिरवायची, म्हणून शेवट ठेवलेलाच नाही. आमचे म्हातारेही एवढीच वाजवतात."

मी बाबांना सांगितलं. त्यांनी फिडल मांडीवर ठेवलं.

"म्हंजी मिसबाईनं समदी दिल्ती?" बाबा म्हणाले. "आन् मी जलमभर त्या माउलीला कद्रू म्हनलो."

बाबांनी डोळे पुसले, गज उचलला आणि चाल फिरवायला लागले. बोली कधीच थांबली होती, पण काका 'दोन वार' म्हणून भोपळा धरून उभेच.

"काका, हात दुखतील, तीन म्हना की!" कुणीतरी ओरडलं.

"चाल चालू हाय," काका म्हणाले.

चौथ्या-पाचव्या फेऱ्यात बाबांचा हात थकला, गज तारेवरून घसरला. मी धावले. त्यांनी फिडल माझ्याकडं सरकवलं.

"बस हितं, मांडी घाल," ते म्हणाले. "पुरी हाय ती. आता देता येती."