गवतावरची लाल गाठ

खच्.

दुपारच्या चिडीचूप घरात सासूबाईंची कात्री मिटली आणि मी श्वास रोखून पाळण्याकडे पाहिलं. बाळ हललं नाही. कात्रीचा आणि शिलाई मशीनचा आवाज त्याने पोटात असल्यापासून ऐकलाय, त्याला ती अंगाईच. पण मागच्या बागेत गवत कापायचं मोटारीचं मशीन सुरू झालं की पोरगं असं दचकून उठतं की संध्याकाळपर्यंत कुणाच्या हाती लागत नाही. म्हणून ते भाड्याचं मशीन आणणं आम्ही बंद केलं, आणि गवत गुडघ्याला लागलं.

"सोमवारी फरशीवाला येतोय," नवऱ्याने सकाळीच जाहीर केलं होतं. "सगळं झाकून टाकू. ना गवत, ना कटकट."

"लेक तिथेच चालायला शिकली," मी म्हणाले. "शंभरदा पडली, एकदा खरचटलं नाही. धाकट्याने काय फरशीवर आपटायचं?"

"मग रविवारी कापून दाखव. बाळ न उठवता."

शनिवारी मी, चार वर्षांची लेक आणि सासूबाई अवजारांच्या दुकानात उभ्या होतो. हाताने ढकलायची दोन मशीनं होती. एक नवंकोरं, चकचकीत, हलकं आणि स्वस्त. दुसरं काळं, जड, जवळजवळ दीडपट किमतीचं. माझा हात आधीच स्वस्ताच्या दांड्यावर गेला होता.

"धार बघा," म्हणत दुकानदाराने पात्यांत कागदाची पट्टी धरली.

"अहो, कागद नको!" सासूबाई ओरडल्या. चाळीस वर्षं कपडे शिवणारी बाई ती. माझ्या नवऱ्याने शाळेत असताना कापडाच्या कात्रीने वहीचं कव्हर कापलं होतं, त्याचा उद्धार अजून होतो.

"मावशी, ही कात्री नाही."

"फिरतं पातं खालच्या लोखंडी पट्टीवरून जातं ना? मग कात्रीच."

त्यांनी पर्समधून मलमलीची चिंधी काढली. हलक्या मशीनने ती दुमडली, चघळली आणि थुंकून दिली. काळ्याचं चाक त्यांनी बोटाने सावकाश फिरवलं. चिंधीचे दोन तुकडे झाले, एकही दोरा ओढला गेला नाही. आवाज? पान उलटल्याएवढा. लेकीने आ वासला. खरं सांगायचं तर मीही.

"ह्या नव्याला स्क्रू कुठाय?" सासूबाई वाकून बघत होत्या.

"नाहीये. धार गेली की नवं घ्यायचं. काळ्याची पट्टी स्क्रूने वर-खाली होते, पात्यांना धारही लावता येते."

"मग हेच. जिला धार लावता येत नाही ती कात्री फुकट दिली तरी महाग."

रविवारी, बाळ निजल्यावर, मी मोठ्या ऐटीत मशीन ढकललं. गवत आडवं झालं, मशीन वरून गेलं, गवत पुन्हा उभं राहिलं.

"वा!" नवरा खिडकीतून म्हणाला. "मालिश छान चाललंय."

"तू गप रे," सासूबाई आपल्या दोन निवृत्त कात्र्या घेऊन खाली उतरल्या. "आधी ढोबळ, मग नीट. एवढंही कळत नाही ह्या घरात कुणाला." आम्ही दोघी उकिडव्या बसून गवत घोट्यापर्यंत आणलं. मग मशीन चाललं. चुरचुर, चुरचुर. मागे हिरवा फवारा उडत होता आणि लेक त्यात नाचत होती. बाळ गाढ झोपेत.

पण कापून झालं आणि मी मागे वळून पाहिलं. खाली उरले होते पिवळे खुंट. इतके दिवस उन्हाला पारखे झालेले, वाळक्या झाडूसारखे.

ह्या वेळी नवऱ्याने थट्टा केली नाही. "मेलं गं ते," तो हळूच म्हणाला. "उद्या येऊ दे फरशीवाल्याला?"

"त्याला म्हणावं, शुक्रवारी ये," सासूबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी लेकीने हट्ट धरला, म्हणून आजीने गवताच्या एका कापलेल्या पात्याला, टोकाच्या जरा खाली, लाल दोरा बांधून दिला. बोटांनी मापही घेतलं. गाठ जमिनीपासून दोन बोटं. लेक रोज सकाळी दात न घासता तिकडे पळायची. मी जायचे नाही. मला बघवत नव्हतं.

गुरुवारी तिची हाक आली. "आई! गाठ वर गेली!"

चार बोटं. मला वाटलं, हिनेच ओढली. सासूबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. "ओढली असती तर टोकावरून निसटली असती. हे बघ, कापलेलं टोक जसंच्या तसं. सपाट, तपकिरी. वर काहीच वाढलेलं नाही. हे खालून आलंय."

मी पोटावर पालथी पडले, गाल मातीला लावला. त्या पिवळ्या खुंटांच्या बुडाशी, मशीनचं पातं पोचणारच नाही इतक्या खाली, हिरवं उगवत होतं. एक नाही, हजारो. प्रत्येक पातं आपलं तुटलेलं टोक डोक्यावर घेऊन वर येत होतं. तीस वर्षं मी गवतावरून चालले होते आणि मला वाटायचं, ते शेंड्याने वाढतं.

"फ्रॉकच्या घेरात मी वाढीव कापड दुमडून ठेवते ना," सासूबाई पुटपुटल्या, "तसं ठेवलंय बघ ह्यानं." इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

नवरा बाळाला कडेवर घेऊन आला, गुडघ्यांवर बसला, लाल गाठीला बोट लावून बघत राहिला. बाळाला त्याने खाली ठेवलं. बाळाने मूठभर हिरवं धरलं आणि ढुंगण वर करून उठायचा प्रयत्न केला. नवऱ्याने खिशातून फोन काढला. "हॅलो, हो, फरशीचंच. उद्या नका येऊ. नाही, पुढच्या आठवड्यातही नको."

लेक अजून गाठीपाशीच होती, नाक मातीला टेकवून.

"आई," ती म्हणाली, "आपण वरून कापणार, हे गवताला आधीच कसं माहीत होतं?"