हसरी बाई, खिडकी, सकाळ

"बाबा, आई एका औषधाच्या जाहिरातीत आहे."

लेकीचा फोन दुपारच्या सुट्टीत यायचा, तसाच आला होता. फोन खांद्यात धरून तो एका कुलूपवाल्याच्या वेबसाइटवरचं निळं बटण डावीकडे सरकवत होता. कुलूपवाल्याला ते मधोमध नको होतं. का, ते त्यालाही सांगता आलं नव्हतं.

"असेल," तो म्हणाला. "मागे पडद्याच्या दुकानात होतीच की."

"पडदे वेगळे. मी पाठवलंय ते उघड. आणि खाली काय लिहिलंय ते वाच."

त्याने उघडलं. खिडकीपाशी बसलेली त्याची बायको त्याच्याकडे बघून हसत होती. खाली पाच पिवळे तारे आणि मजकूर: "गुडघ्यांनी जीव नकोसा केला होता. हे थेंब सुरू केले आणि आता मी पूर्ण बरी आहे. रोज सकाळी फिरायला जाते." त्याखाली कुणा भलत्याच बाईचं नाव, वय बावन्न.

बावन्नपर्यंत ती पोहोचलीच नव्हती. आणि शेवटच्या वर्षात ती पलंगापासून या खिडकीपर्यंतसुद्धा धरून धरून यायची.

"आजी दिवसभर फोन चाळत बसते," लेक म्हणाली. "तिचे गुडघे दुखतात म्हणून तिला गुडघ्यांच्याच जाहिराती येतात. उद्या हे तिच्यासमोर आलं तर? पोटच्या पोरीचा फोटो, आणि खाली असलं काहीतरी?"

"बघतो."

"बघतो नको. काढायला लाव. फोटो तूच टाकला होतास."

एवढं बोलून तिने फोन ठेवला. आतल्या खोलीत सासूबाई फोन डोळ्यांजवळ धरून पडल्या होत्या. मुलगी गेल्यापासून त्या इथेच राहत होत्या. दुसरं कुणी त्यांनाही नव्हतं आणि त्यालाही.

फोटो त्यानेच टाकला होता, हे खरं. बायको त्याला फुकटराव म्हणायची, ते उगीच नाही. वीस वर्षं तो लोकांच्या वेबसाइटी बनवून देत होता आणि त्यासाठी त्याने जन्मात काही विकत घेतलं नव्हतं. चित्रं कापायचा प्रोग्रॅम फुकटातला. अक्षरांचे टाइप फुकटातले. फोनचं, पाकिटाचं, घराचं अशी इवली इवली चिन्हं फुकटातली. पानाचा सांगाडासुद्धा कुणीतरी बनवून जगासाठी ठेवून दिलेला असायचा. तो घ्यायचा, रंग बदलायचे, नाव टाकायचं, झाली बेकरीची वेबसाइट. त्याची गिऱ्हाइकं कुलूपवाले, बेकरीवाले, शिवणक्लासवाले. त्यांच्याकडे यापेक्षा जास्त मागण्याची सोय नव्हती.

पण फुकटेपणालाही त्याने एक शिस्त लावून घेतली होती. फुकट फोटोंच्या साइटवरून दहा उचलले की आपला एक तिथे परत टाकायचा. विहिरीतून नुसतं उपसत राहायचं नाही, असं तो म्हणायचा. बायको म्हणायची, "अहो फुकटराव, विहिरीला कळतंय का तुम्ही किती टाकलं ते?" तरी तो टाकायचा. चपलांचा, ओल्या फरशीचा, बाजारातल्या वांग्यांचा.

ती खिडकीतली सकाळही अशीच साइटवर गेली. आजाराचं नाव अजून कळायचं होतं. ती कसल्याशा गोष्टीवर हसत होती. खिडकीच्या कठड्यावर त्याचा टवका उडालेला निळा मग होता, तोही कोपऱ्यात आला होता.

"टाकू का हा?" त्याने विचारलं होतं.

"टाका की. मला बघायला कोण येतंय?"

खूप लोक आले. त्या साइटवर फोटोखाली किती जणांनी नेला ते दिसायचं. शोधणाऱ्याला सापडावा म्हणून त्याने शब्द घातले होते, हसरी बाई, खिडकी, सकाळ, आणि अशी बाई जगात सगळ्यांनाच हवी होती. पुढे ती अंथरुणाला खिळली, तेव्हा त्याचा खेळ झाला. संध्याकाळी तो काम आटपून पलंगाशी बसायचा आणि तिचा फोटो कुठे कुठे लागलाय ते शोधून दाखवायचा.

"आज कुठे जाऊन आले मी?" ती विचारायची.

"दातांच्या दवाखान्यात. वेबसाइट कुठल्या भाषेत आहे, तेही कळत नाही."

"दात चांगलेच आहेत माझे. आणि काल?"

"पडदे विकलेस."

"खपले का?"

असं चालायचं. अगदी शेवटी बोलणं बंद झालं, तेव्हाही तिने एकदा भुवया उंचावून विचारलं होतं. वाचनालय, असं तो म्हणाला होता. त्या दिवशी खरं तर काहीच सापडलं नव्हतं.

त्याने फोटोच्या साइटला कळवलं. तासाभरात सभ्य उत्तर आलं. फोटो इथून काढला आहे, पण ज्यांनी आधीच नेला त्यांच्याकडून परत मागता येणार नाही. कुणीही, कशासाठीही, न विचारता वापरावा, या अटीवर आपण तो दिला होता. ही अट त्याला तोंडपाठ होती. गिऱ्हाइकांना तो ती मोठ्या कौतुकाने समजावून सांगायचा.

जाहिरातीखाली थेंबवाल्यांचा पत्ता होता. बसने अर्ध्या तासावर. "जरा जाऊन येतो, आई," त्याने सासूबाईंना सांगितलं. त्यांनी फोनवरून नजर न काढता मान हलवली.

कंपनी म्हणजे बॅटरीच्या दुकानावरची एक खोली निघाली. जिन्यापासून बाटल्यांची खोकी रचली होती. आत एकच बाई, तिशीची, चष्मा कपाळावर सरकवून कॉम्प्युटरसमोर बसलेली. एका हातात सँडविच, दुसरा हात माऊसवर.

"माल पाहिजे असेल तर साहेब पाचला येतील," ती म्हणाली.

"माल नको. तुमची वेबसाइट कोण करतं?"

"मीच. बिलंही मीच करते, फोनही मीच घेते. का, काही बंद पडलंय?"

त्याने आपल्या फोनवर तो चेहरा तिच्यापुढे धरला. "ही माझी बायको."

चष्मेवालीने चष्मा डोळ्यांवर घेतला. मग एकदम उभी राहिली. "अगंबाई! खरं सांगता? या येऊ शकतील का काका इथे? साहेबांना खरं कुणीतरी पाहिजेच आहे, व्हिडिओसाठी. चहापाणी, गाडीखर्च सगळं…"

"ती गेली. दोन वर्षं झाली."

सँडविच तिने कागदावर ठेवलं. खाली दुकानात कुणीतरी बॅटरीची किंमत पाडून मागत होतं.

"गुडघ्यांनी?" तिने हळूच विचारलं. विचारल्यावर तिचं तिलाच कळलं आणि ती जीभ चावून खाली बसली. "माफ करा काका. सकाळपासून डोक्यात नुसते गुडघेच आहेत."

तो हसला. आपल्याला हसू आलं याचं त्याला नवल वाटलं.

"मी मुद्दाम नाही हो घेतला," ती म्हणाली. "गुडघा म्हणून शोधलं की नुसते गुडघे येतात. माणूस कसं दाखवणार? मग हसरी बाई, खिडकी असं टाकलं, तर पहिल्या या आल्या. बघितल्याबरोबर विश्वास बसेल असा चेहरा. आणि फुकट होता. फुकट असलं की कुणाचं असतं असं वाटतच नाही ना."

"आणि हे खालचं?"

"ते मी लिहिलं. नाव माझ्या शाळेतल्या बाईंचं."

त्याला तिच्यावर रागवायचं होतं. बसमध्ये त्याने वाक्यं जुळवून ठेवली होती. पण समोरचं पान त्याच्या ओळखीचं होतं. तोच फुकटातला सांगाडा, तेच पिवळे तारे. त्याने स्वतः ते टक्कलावर औषध देणाऱ्या एका डॉक्टरसाठी वापरले होते. तिथे एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा लावला होता आणि त्याच्या तोंडी लिहिलं होतं, "आता आरशात बघायची लाज वाटत नाही." तो म्हातारा कोण होता, आहे की गेला, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"काढाल ना?" त्याने विचारलं. "तिची आई माझ्याजवळ असते. म्हातारी आहे. तिने हे बघितलं तर काय होईल, सांगता येत नाही."

"काढते की, आत्ता काढते. पण काका, भोक ठेवता येणार नाही. साहेब आले की पहिलं हेच पान उघडून बघतात. या फोटोवर सगळ्यात जास्त लोक थांबतात, कौतुक आहे त्यांना त्याचं." तिने शेजारची खुर्ची ओढली. "तुम्हीच दुसरी बाई शोधून द्या ना. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

तो बसला. त्याने फोटोंची साइट उघडली आणि शब्द टाकले. कुठले टाकायचे, याचा विचार करावा लागला नाही. हसरी बाई, खिडकी, सकाळ. पहिली जागा आता दुसऱ्या कुणाची होती.

एकीचे दात फारच पांढरे होते. एक तरुण होती, गुडघे दुखण्याजोगी नव्हती. मग एक सापडली. साधारण तेच वय, केस कानामागे, डोळ्यांत थोडं हसू आणि थोडा थकवा. तिच्या खांद्यावर एका पुरुषाचा हात होता. हातात जुनं घड्याळ. हाताचा मालक चौकटीबाहेर राहिला होता. फोटो टाकणाऱ्याने खाली लिहिलं होतं, "ज्याला लागेल त्याने न्यावा."

"ही छान आहे," चष्मेवाली म्हणाली. "पण तो हात तेवढा काढा. लोकांचं लक्ष जातं."

कुठून कापायचं, ते त्याच्या बोटांना ठाऊक होतं. त्याने हात काढला. खांद्यापाशी कापडाची एक सुरकुती राहत होती, तीही पुसली. बायकोचा फोटो त्या पानावरून काढताना त्याला दिसलं की चष्मेवालीने त्यातला निळा मग असाच कापून टाकला होता. काम सफाईदार होतं. मुळात तिथे काही होतं, हे कुणाला कळलं नसतं.

नवीन बाई पाच ताऱ्यांवर बसली. खालचा मजकूर तोच राहिला. आता ती रोज सकाळी फिरायला जाणार होती.

"झालं बघा," चष्मेवाली म्हणाली. "थेंबांची एक बाटली नेता का आजींसाठी? असंच द्यायचं, पैसे नकोत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "उपयोग काही होत नाही त्याचा. पण अपायही नाही."

बाटली न घेता तो जिना उतरला. स्टॉपवर उभा राहून त्याने लेकीला कळवलं, काढला. तिचं उत्तर लगेच आलं. "आजीने पाहिला नाही ना?" नाही, असं त्याने लिहिलं.

घरी दिवा लागला नव्हता. सासूबाई पलंगावर बसून फोन चादरीच्या टोकाने पुसत होत्या. पुसून उघडत, डोळ्यांजवळ नेत, पुन्हा पुसत.

"अहो, याला काय झालंय बघा जरा," त्या म्हणाल्या. "सकाळपर्यंत नीट होतं."

त्याने फोन हातात घेतला. पाच तारे, आणि केस कानामागे घेतलेली बाई.

"रोज उघडते मी," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं नाही. म्हटलं, तुम्हाला त्रास होईल. आज दुपारनंतर दुसरीच कुणीतरी येऊन बसलीय."

त्याने फोन त्यांच्या हातात परत दिला.

"तसं मला कळतं हो. खोटं असतं ते. नाव तरी कुठे तिचं होतं? मी काही खुळी नाही." त्यांनी पाय वर घेतले आणि गुडघे चोळले. "पण रोज सकाळी फिरायला जाते म्हणायची. वाचायला बरं वाटायचं. माझं उठल्यावर पहिलं काम तेच."

"भिंतीवर आहे की तोच फोटो," तो म्हणाला.

"भिंतीवरची गप्प असते." मग जरा थांबून, काहीतरी सुचल्यासारखं त्या म्हणाल्या, "तुम्हाला येतं ना हे? अख्ख्या जगाला करून देता. मला एक करून द्या. दुसऱ्या कुणी बघायला नको, माझ्यापुरतं."

त्याने कॉम्प्युटर लावला. फुकटातला तोच सांगाडा घेतला. तारे काढून टाकले. फोटो न कापता ठेवला. कोपऱ्यातल्या निळ्या मगाचा टवकासुद्धा स्पष्ट दिसत होता. फोटोखाली सांगाड्यातली चौकट आपोआप आली, करड्या अक्षरांतल्या ओळीसकट. सांगाडा बनवणाऱ्याने ही ओळ सगळ्यांसाठी घालून ठेवलेली असते.

सासूबाई खुर्ची ओढत त्याच्या शेजारी येऊन बसल्या. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं.

"इथे… तुमचा… मजकूर… लिहा." त्यांनी त्याच्याकडे बघितलं. "मग लिहा की."

त्याने बोटं कळांवर ठेवली. चौकटीत उभी रेघ दिसत होती आणि जात होती. सासूबाई मांडीवर हात घेऊन, पडद्याकडे बघत थांबल्या होत्या.