अबोला

मामंजींचं पोट साफ होईना. ह्यांनी स्टेशनजवळच्या डॉक्टर गुप्त्यांकडून औषधाची बाटली आणली, भाऊजींनी पारनाक्यावरच्या डॉक्टर सहस्रबुद्ध्यांकडून. मी दोन्ही पाजली. संध्याकाळी मामंजी गळूनच गेले, म्हणून दोघा डॉक्टरांना बोलावलं.

त्या दोघांत अबोला, साऱ्या कल्याणला ठाऊक. खाटेच्या दोन बाजूंना रुसलेल्या जावांसारखे बसले मेले, आणि बोलणं माझ्यामार्फत!

"वहिनी, त्यांना विचारा, काय दिलं होतं?"

"त्यांना सांगा, जुलाब. आणि त्यांनी?"

"जुलाबच."

मामंजींचा हात माझ्या हातात गार पडला.

दोघं उठले. मी मोरीत हात धुवायला साबण-पाणी ठेवलं. तिथं मात्र ते थेट एकमेकांशी बोलले.

"आधी तुम्ही."

"छे छे, तुम्ही आधी."