मौक्यावरची मुनादी

लोकेशनं तो एक शब्द स्वतःहून कागदात घालून घेतला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण हुशार माणसाला हुशारी दाखवल्याशिवाय अन्न पचत नाही, आणि लोकेश हुशार होता.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या प्रेमलाल सेठकडे तो सहा वर्षं होता. सेठ कॉलन्या बांधायचे आणि लोकेश परवानग्या आणायचा. कुठल्या खिडकीवर कुठला बाबू किती वाजता जागेवर असतो, कोणाला चहा चालतो आणि कोणाला नुसता नमस्कार, हे त्याला तोंडपाठ होतं. आता सेठची सगळ्यात मोठी कॉलनी वैनगंगेच्या काठी, सावरटोल्याच्या शिवारात व्हायची होती. जाहिरातीत नदी दिसेल अशा खिडक्या होत्या, आणि घरांच्या मधोमध हिरवागार बगीचा होता. ही फाइल पास झाली की लोकेश साइट मॅनेजर, आणि कोपऱ्यावरचं एक घर त्याचं. स्टेशनमागच्या दोन खोल्यांना कंटाळलेल्या पिंकीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, नकाशावर आपल्या स्वयंपाकघराची खिडकी पेन्सिलीनं गोल करून ठेवली होती. ती खिडकी बगीच्याकडे उघडत होती.

अडचण एवढीच होती, की बगीच्याच्या जागी महागूची बोडी होती.

बोडी म्हणजे लहान तलाव. शंभर वर्षांपूर्वी महागू नावाच्या मासेमार ढिवरानं मालगुजाराच्या परवानगीनं तो खोदला. मालगुजाराच्या पणतवानं साडेआठ एकरांचा तो तुकडा सेठला विकला, आणि सेठला तो बुजवायचा होता. पाण्याची जागा बुजवायची तर परवानगी मिळणं कठीण. कोरड्या पडीक जमिनीवर मात्र मुरूम टाकायला कोण अडवतो? म्हणून अर्जात जमिनीचा खसरा, म्हणजे गट नंबर, देऊन लिहिलं होतं: खसरा नंबर दोनशे बारा, पडीक कोरडी जमीन, पाणी नाही. सोबत फोटो होता. मे महिन्यातली भेगाळलेली माती आणि तिच्या मधोमध उभी लोकेशची मोटारसायकल. फोटो त्यानंच काढला होता आणि त्याला त्याचा अभिमानही होता.

पण अर्ज मंजूर करण्याआधी सरकार गावाला विचारतं. तहसीलीतून जाहीर नोटिशीचा इश्तिहार निघतो, गावचा कोटवार त्याची दवंडी देतो, म्हणजे इकडच्या भाषेत मुनादी करतो, आणि पंधरा दिवसांत कोणाचा आक्षेप आला नाही तर फाइल पुढे सरकते. पहिल्यांदा मुनादी मोटारस्टँडवर उरकली होती, तेव्हा वरून शेरा आला की ती मौक्यावर, म्हणजे प्रत्यक्ष त्या जागेवर, झालेली नाही. फाइल परत आली. तेव्हा लोकेशनं नव्या इश्तिहारात ठळक ओळ घालून घेतली: ‘मुनादी मौक्यावरच करावी.’ त्याचा हिशेब सरळ होता. बोडी गावापासून मैलभर लांब, मातीच्या बांधाच्या, म्हणजे पाळीच्या, पलीकडे आणि बेशरमीच्या झुडपांच्या आड. भर दुपारी तिथं मुनादी केली तर ऐकायला कावळासुद्धा नसणार. कायदा खूश, सेठ खूश. सापही मेला आणि काठीही शाबूत.

दिवाळी आठ दिवसांवर असताना तो कागद घेऊन डोमाजी कोटवाराच्या दारात उभा राहिला.

डोमाजी एकसष्ट वर्षांचा होता. उंच, वाळक्या अंगाचा, पण गळा असा की या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, बोलला तर त्या टोल्यावर माणूस ओ देई. त्याच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि घरी आल्यावर पिढीजात डफडं वैनगंगेत सोडून दिलं. कोटवारी ठेवली, डफडं ठेवलं नाही. ‘सरकारचा हुकूम सांगू, पण वाजवून नाही, बोलून सांगू,’ असं ते म्हणाले होते म्हणे. तेव्हापासून या घरची मुनादी नुसत्या आवाजाची. आजूबाजूच्या गावांत लाउडस्पीकर आले, रेकॉर्ड केलेल्या घोषणा आल्या, पण डोमाजी अजून गळ्यावरच होता.

“बाबा, सेठनं सांगून ठेवलंय,” लोकेश म्हणाला. “तुमी आता रिटायर होऊन राह्यले. तुमच्या मागं कोटवारी रीनावहिनीले भेटली पाह्यजे ना? सेठची वरपर्यंत ओळख आहे. तेवढं काम होऊन जाईल.”

डोमाजीची सून रीना दारातच तांदूळ पाखडत होती. तिनं सूप थांबवलं आणि सासऱ्याकडे पाहिलं.

“हौ का?” डोमाजी म्हणाला, आणि कोटवाराचा बिल्ला सदऱ्यावर लावत राहिला. मग त्यानं कागद घेतला, चष्म्यातून शेवटपर्यंत वाचला, आणि त्या ठळक ओळीवर बोट ठेवलं. “मौक्यावर. हे कोनं लिवून घेतलं?”

“मीच.”

“चांगलं केलं, बाबू. पक्कं काम केलं.”

लोकेशला ही शाबासकी वाटली. त्यानं पुढची सूचनाही देऊन टाकली: “आणि बाबा, कागदावर आहे तेवढंच बोलायचं. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही.”

“चाळीस वर्सात कधी बोललो नाही,” डोमाजी म्हणाला. “आजबी नाही बोलणार.”

दोघं निघाले. गाव ओस पडलं होतं. घरांना कड्या, ओट्यावर एखादी म्हातारी, बस्स. लोकेशच्या मनात लाडू फुटत होते. एवढं गाव गेलं कुठं, हा प्रश्न त्याला पडला नाही. तो शहरातला, त्यानं बोडी मे महिन्यात पाहिलेली. कार्तिकाच्या तोंडावर ढिवरांची अख्खी वस्ती कुठे असते, हे सावरटोल्यातलं शेंबडं पोर त्याला सांगू शकलं असतं.

पाळीवर चढल्यावर त्याला ते दिसलं. बोडी काठोकाठ भरलेली होती आणि पाण्यावर शिंगाड्याच्या वेलांचा हिरवा गालिचा पसरला होता. त्यात कमरेइतक्या, छातीइतक्या पाण्यात पन्नास-साठ बायामाणसं उभी होती, ट्रकच्या ट्यूबवर टोपल्या तरंगत ठेवून शिंगाडे तोडत होती. कोणी गात होतं, कोणी भांडत होतं.

“बाबा, इथंच पाळीवर उभं राहून हळूच वाचून टाका,” लोकेश घाईनं म्हणाला. “झालं काम.”

डोमाजीनं चपला काढल्या आणि नीट एकाशेजारी एक ठेवल्या.

“पाळ तं दोनशे अकरामंदी येते, बाबू,” तो म्हणाला. “दोनशे बारा खाली हाये. तूच लिवलं ना, मौक्यावर?”

आणि तो पाण्यात उतरला.

घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. शिंगाड्याच्या काट्यांतून वाट काढत, एका हातानं कागद डोक्यावर धरून, एकसष्ट वर्षांचा म्हातारा सरकारी हुकूम घेऊन चालला होता. लोकेश पाळीवरून “बाबा, बाबा” करत राहिला. बोडीच्या मध्यावर पाणी छातीला लागलं तेव्हा डोमाजी थांबला. बिल्ला बुडाला होता. त्यानं कागद डोळ्यांसमोर धरला आणि गळा सोडला.

“सुनो हो सुनो! आम जनता को सूचित किया जाता है, कि मौजा सावरटोला, खसरा नंबर दो सौ बारह, रकबा साढ़े आठ एकड़, पड़त सूखी भूमि, जिस पर पानी नहीं है...”

पहिल्यांदा हशा पिकला. छातीभर पाण्यात उभा राहून कोटवार कोरड्या जमिनीची मुनादी करतो आहे, याच्यापेक्षा मोठी गंमत त्या वस्तीनं पाहिली नव्हती. डोमाजी हसला नाही. तो शब्दाला शब्द वाचत राहिला: ही जमीन मुरूम टाकून समतल करायची आहे, तिच्यावर घरं बांधायची आहेत, कोणाचा आक्षेप असेल तर पंधरा दिवसांत तहसीलीत नोंदवावा.

“कोटवारभाऊ!” मैनाबाईनं हाक दिली. मैनाबाई महागूच्या घराण्यातली, शिंगाड्याच्या कामात सगळ्यांच्या पुढे असणारी. “हा दोनशे बारा नंबर कोनता आय? आमाले नंबर समजत नाही.”

कागदावर याचं उत्तर नव्हतं, आणि कागदाबाहेरचा एक शब्दही बोलायचा नाही असं ठरलेलं होतं. डोमाजीनं मोकळा हात उचलला आणि उघड्या पंजानं पाण्यावर थाप मारली. एकदा, दोनदा, तीनदा.

बोडीभर हसू विझलं. शिंगाडे तोडत्या हातांतच राहिले. मैनाबाई इतका वेळ पाण्याकडे पाहत राहिली की जणू ते तिला आजच दिसलं. डोमाजीनं मुनादी नियमाप्रमाणे आणखी दोन वेळा केली, त्याच जागी, त्याच शब्दांत.

मला विचाराल तर भाषणं देऊन गाव जागं करणारे पुष्कळ असतात. हुकमाचा एक काना इकडचा तिकडे न करता ज्यानं गावाला खरं सांगितलं, असा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

तो बाहेर आला तेव्हा पायांवर काट्यांचे ओरखडे होते आणि दातावर दात वाजत होते. लोकेशनं नकळत आपला गमछा त्याच्या खांद्यावर टाकला.

“आता पंचनामा,” डोमाजी म्हणाला. “माये हात वले हायेत. तू लिव.”

लोकेशनं पाळीवर बसून लिहायला घेतलं. तारीख, वेळ, मौजा.

“जागा: खसरा दोनशे बारा,” डोमाजी सांगत होता. “मुनादी करतेवेळी कोटवाराच्या छातीपर्यंत पाणी होतं. पाण्यामंदी शिंगाड्याची लागवड होती, लोक काम करत होते.”

लोकेशचा पेन थांबला. “बाबा, पाण्याचं काहून लिहायचं?”

“नको लिवू. मंग असं लिव, का कोटवार मौक्यावर गेलाच नाही.”

आपल्याच दोरीनं आपले पाय बांधले गेल्याचं लोकेशला समजलं. कोटवार जागेवर नव्हता असं लिहावं तर फाइल परत. होता असं लिहावं तर पाणी कागदावर येतं. त्यानं एकदा डोमाजीकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या सदऱ्यातून पाणी गळत होतं, आणि तो रागावलेला नव्हता, जिंकल्यासारखाही दिसत नव्हता. हजेरी लावून आलेल्या माणसासारखा शांत उभा होता. लोकेशनं लिहिलं. डोमाजीनं सही केली, मैनाबाईनं अंगठा दिला, आणखी दोघांनी सह्या केल्या.

“द्या, मी जाताजाता तहसीलीत देऊन टाकतो,” लोकेश म्हणाला. त्याच्या मनात काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक.

“काहून देता त्याले?” मैनाबाई ओरडली. “तो सेठचा माणूस! वाटेतच फाडून फेकन!”

डोमाजीनं कागद घडी करून लोकेशच्या हातात दिला. “त्याच्या हातचं लिवलेलं हाये,” तो म्हणाला. “खरं लिवलं त्यानं. आपल्या हातचं खरं कोनी फाडत नाही.”

वैनगंगेच्या पुलावर फोन वाजला. लोकेशनं गाडी कडेला लावली.

“हो गई मुनादी?” सेठ विचारत होते. “कोणी ऐकलं तर नाही?”

“सगळ्यांनी ऐकलं, सेठ.” आणि त्यानं घडलं ते सांगितलं.

 सेठ हसले. “अरे, इतना क्या घाबरायचं? तो कागद नदीत टाक. दुसरा लिही. कोटवाराची सही मी करून घेतो, त्याच्या सुनेची नोकरी आपल्या हातात आहे. पिंकीला सांग, कोपऱ्यावरचं घर पक्कं.”

खाली वैनगंगा वाहत होती. याच पाण्यात कधीतरी एका माणसानं डफडं सोडलं होतं आणि हुकूम मात्र जपून घरी नेला होता, हे गावात ऐकलेलं लोकेशला आठवलं. त्याला पिंकीची पेन्सिलीनं गोल केलेली खिडकीही आठवली, आणि आपली मोटारसायकल त्या फोटोत कुठे उभी होती तेही. बरोबर तिथंच, जिथं आज म्हातारा छातीभर पाण्यात उभा होता. त्याला स्वतःची लाज वाटली. साधी, सरळ लाज, जी गेल्या सहा वर्षांत त्याला परवडली नव्हती.

“लोकेश? ऐकून राह्यला ना? पाण्याचं काहून लिहिलं तू?”

“पाणी होतं, सेठ,” तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

तहसीलीची खिडकी बंद व्हायला पाच मिनिटं होती. आतल्या बाबूनं कागद उलगडला आणि दोन बोटांत धरून नाक मुरडलं.

“हा ओला कसा?”

“मौक्यावरून आणलाय,” लोकेश म्हणाला. “आवक नंबर टाका, साहेब. मी उभा आहे.”

आणि शिक्का पडेपर्यंत तो खिडकीसमोरून हलला नाही.