शिसं वितळवणाऱ्यांचं पान

मित्रांनो, मी नोंदणी कार्यालयातली एक जुनी पुस्तिका आहे. माणसं पोटासाठी जे जे उद्योग करतात, त्या प्रत्येकाला माझ्यात एक क्रमांक दिलेला आहे. पाव भाजणाऱ्याला एक, विकणाऱ्याला दुसरा. मी छापखान्यातून आले तेव्हा साहेबांनी मला दोन्ही हातांनी उचललं होतं आणि मी चांगलीच फुशारले होते. आता मात्र सदा धास्तावलेली असते. वाळवीला घाबरते, रद्दीवाल्याला घाबरते, पण सगळ्यात जास्त माझ्याच दोनशे बाराव्या पानाला.

का, ते सांगते. हवा, पाणी आणि कामगारांची तब्येत यांचा अहवाल दरवर्षी कोणी द्यायचा, हे क्रमांकावरून ठरतं. दुकानदाराला एका पानाचा फॉर्म पुरतो. शिसं वितळवणाऱ्याला धूर मोजावा लागतो, कामगारांचं रक्त तपासावं लागतं. हे सारं त्या पानावर आहे, पण ते कुणी उघडतच नव्हतं.

आमच्याकडे एक सोयीची पद्धत पडली होती. नव्या फॉर्मवर गेल्या वर्षीचाच क्रमांक उतरवायचा. नोंदणी पाहणाऱ्या ताई कामाला चोख, पण त्याही तेच करत. एका शेडची 'जुन्या बॅटऱ्यांची खरेदी-विक्री' अशी पाटी वाचून त्यांनी दुकानाचा क्रमांक टाकला आणि पुढे आठ वर्षं तोच उतरवला. शेजाऱ्यांनी धुराबद्दल दोनदा अर्ज केले. दुकानातून धूर निघत नाही, असा शेरा मारून ते निकाली काढले. ती फाइल माझ्या अंगाला लागून ठेवलेली असे. त्या शेडमध्ये ताईंचा सख्खा धाकटा भाऊ कामाला होता.

एकदा तो घराची किल्ली द्यायला आला. दारातल्या वहीत त्याला सही करता येईना, इतका हात थरथरत होता. ताईंनी विचारलं, "तुमच्या शेडमध्ये नक्की काय करतात रे?"

"बॅटऱ्या फोडतो आणि शिसं वितळवतो. तुला काय वाटलं, नुसत्या विकतो?"

ताईंनी मला ओढून काढलं. ते पान त्यांनी उभ्यानेच वाचलं आणि तडक साहेबांकडे गेल्या. साहेब हळू आवाजात म्हणाले, "आठ वर्षांची चूक तुमची, असं लिहून द्यावं लागेल. नोकरीवर येईल."

"येऊ दे. कागद द्या," ताई म्हणाल्या.

दोन महिन्यांनी त्या शेडचा पहिला खरा अहवाल आला. अकरा कामगार, अकरा ओळी. ताईंचं बोट सरकत सरकत सातव्या ओळीवर, भावाच्या नावापाशी थांबलं. रक्तातलं शिसं मर्यादेच्या चौपट होतं. भाऊ अजून दवाखान्यात आहे. थरथर पूर्ण थांबेल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. ताईंची चौकशी चालू आहे.

त्या आता प्रत्येक फॉर्मला मला उघडतात. पण मित्रांनो, कपाटात अजून चारशे फाइली आहेत आणि आठवड्याला जेमतेम वीस होतात. उरलेल्या पाट्यांमागे कुणाकुणाचा भाऊ उभा आहे, या विचाराने माझा जीव टांगणीला लागतो. म्हणून विनवते, असं काम कधी तुमच्या हाती आलं तर पाटी वाचून थांबू नका. आत जा, काय चालतं ते बघा, मग मला उघडा. मला सगळं ठाऊक असतं, पण कपाटातून हाक मारता येत नाही.