आखूड मुळाचा दात

मी दात बोलतोय. म्हणजे, दातच असावा! शेजारचे मला बघून ‘हा कोण चिमुकला?’ असंच विचारतात. तेरा वर्षांच्या एका मुलीच्या खालच्या जबड्यात, मोठ्या दाढेच्या अलीकडे मी उभा आहे.

मी हिरडीच्या आत घडत होतो तेव्हा आमची मालकीण चार वर्षांची होती. काम झकास चाललं होतं. अचानक रक्तातून काहीतरी यायला लागलं. ते आलं की मला घडवणारे सगळे हात जागच्या जागी थांबायचे. जरा पुन्हा कामाला लागावं, तर परत तेच! दोन वर्षं हा गोंधळ चालला. शेवटी बाहेर आलो तो असा बुटका, आणि मूळ अर्ध्यावरच. माझंच काही चुकलं का? मला काही कळेना.

विचारायचं कुणाला? घरात आई एवढंच म्हणायची, “लहानपणी ताप आला होता हिला.” आता तापाने असं होतं का, देव जाणे.

परवा दात सरळ करायला तार लावायचं ठरलं. दवाखान्यातल्या फॉर्मवर ‘आधीचे आजार’ या शब्दांपुढे आईने नेहमीसारखी आडवी रेघ मारली.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. “याचं मूळ फारच आखूड आहे हो. तारेने ओढलं तर हा हातातच यायचा. लहानपणी काही मोठं औषध चालू होतं का?”

“छे हो, साधा ताप होता,” आई म्हणाली.

माझी पाचावर धारण बसली. अहो, बोला ना कुणीतरी!

मालकिणीने तोंडातला कापूस काढला. “कॅन्सर होता. केमो झालीय माझी. आई, कपाटातली फाइल मी केव्हाच वाचलीय.”

“मग बोलली का नाहीस गं?”

“तू रडशील म्हणून.”

आई रडलीच. मग तिने फॉर्म मागून घेतला आणि त्या रेघेवर आजाराचं नाव लिहिलं.

“ते औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना अडवतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तेव्हा घडत असलेले दातही त्यात सापडतात. चूक कुणाचीच नाही. याला आपण ओढायचं नाही.”

वाचलो! पण डोक्यातला घोळ काही सुटत नाही. त्या औषधावर रागवावं, तर ते नसतं तर मालकीणच नसती. मग रुसायला मी तरी कुठे असतो?

असू दे. बाई गं, आखूड असलो तरी तुझाच आहे. तेवढे अक्रोड मात्र पलीकडच्या बाजूने फोड.