तिसरीच्या मुलांची वाटणी

नदीनने वाचनालयातल्या लांब टेबलावरचा पृथ्वीचा गोल उचलून खिडकीत ठेवला आणि तिसरीच्या मुलांची कार्डं मांडायला घेतली. मुलींची गुलाबी, मुलांची निळी. शाळा उघडण्याआधी दर ऑगस्टमध्ये तिसरीचे तिन्ही शिक्षक असे बसून आपापले वर्ग वाटून घेत. कार्डावर दुसरीच्या बाईंनी ओळ-दोन ओळी लिहिलेल्या असत. वाचतो बरा, बोलत नाही. आई तुरुंगात, आजीकडे राहते. हुशार आहे, पण बसत नाही.

तिसरी खुर्ची नदीनने आपल्या शेजारी ओढून घेतली.

"येतील ना त्या?" टॅबिथाने विचारलं. व्हर्नाला शाळेने काढलं त्याच वर्षी ही पोरगी नोकरीला लागली होती.

"येते म्हणालीय. म्हणजे येणार."

व्हर्ना एस्टेप वीसेक वर्षं नदीनच्या शेजारच्या वर्गात शिकवत होती. मधल्या भिंतीवर टकटक झाली की नदीन ओळखायची, खडू संपलाय. पुढे मुलांच्या परीक्षेवरून शिक्षकांना गुण पडू लागले. शाळा नापास ठरली, निम्मे शिक्षक बदला असा वरून हुकूम आला. सगळ्यांत कमी गुण व्हर्नाच्या वर्गाचे होते. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. वाटणीत ज्या कार्डांना कोणी हात लावत नसे, ती तिच्यापुढे सरकवली जात. "तुला जमतं गं त्यांच्याशी," म्हणत नदीनही सरकवायची.

तेव्हापासून व्हर्ना हमरस्त्यावरच्या स्वस्त दुकानात गल्ल्यावर उभी असे. नदीन साबण घ्यायलासुद्धा डोंगरापलीकडच्या गावी जायची.

व्हर्ना आली ती इस्त्रीच्या निळ्या ब्लाउजमध्ये. केस पुष्कळ पिकले होते. तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, वाचनालयभर नजर फिरवली आणि मग बसली.

"नदीन, अजून तीच बिस्किटं? दात शाबूत आहेत का गं या लोकांचे?"

नदीन हसली. हसता हसता तिने बिस्किटांची थाळी पुढे केली आणि सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी उघडून दिली. व्हर्नाला झाकणं उघडत नसत.

टेबलाच्या टोकाला बसलेले हॅचर सर नव्या कायद्याचं सांगायला अधीर झाले होते. मुख्याध्यापक म्हणून त्यांचं हे दुसरंच वर्ष.

"परीक्षा राहणार, व्हर्नाबाई. पण तिच्यावरून शिक्षकाला तोला, असं वॉशिंग्टनचं सरकार आता सांगणार नाही. आपल्या जिल्ह्यानेही ते सोडून दिलंय. काय शिकवायचं, कसं शिकवायचं, वर्ग कसे करायचे, तुम्ही ठरवा. मी मध्ये पडणार नाही."

"म्हणजे मी पास झाले म्हणायचं," व्हर्ना म्हणाली. "दुकानात सांगायला हवं. तिथे मला अजून नापास बाईच म्हणतात. प्रेमाने हं."

"तुमची जागा रिकामी आहे," सर म्हणाले. "आज हो म्हणालात तर सोमवारपासून."

"आधी वाटणी होऊ दे. हात शिवशिवतायत माझे."

नदीनने टेबलाखाली आपले हात घट्ट धरले. सोमवारी भिंतीवर पुन्हा टकटक होईल, असं तिला वाटून गेलं.

वाटणी सुरू झाली. टॅबिथाने जुळ्या बहिणी घेतल्या, नदीनने पाद्र्याचा नातू घेतला. भांडखोर भाऊ वेगळे केले, मैत्रिणी एकत्र ठेवल्या. व्हर्नाही घेत होती, दर कार्डाला काहीतरी बोलत होती. "याचा बाप माझ्याकडे होता. शाई प्यायचा." टॅबिथा खळखळून हसली.

मग हात थांबले. टेबलाच्या मधोमध पाच कार्डं उरली होती.

टॅबिथाने ती एका बोटाने जुळवली आणि अलगद व्हर्नापुढे सरकवली.

"ही तुमची, व्हर्नाबाई. तुमच्यासारखं कोणाला जमणार?"

व्हर्नाने चष्मा लावला. एकेक कार्ड वाचलं. मग सरांकडे पाहिलं.

"आता यांच्यापायी कोणाची नोकरी जात नाही ना?"

"नाही."

"पगार नाही कापला जात? बदली?"

"काहीच नाही. तेच तर सांगतोय."

"मग ही पाच अजून मधोमध कशी उरली?"

टॅबिथा लाल झाली. नदीनने थाळीतलं बिस्किट उचललं आणि परत ठेवलं.

व्हर्नाने आवाज चढवला नाही. पहिलीच्या मुलाला समजवावं तशी ती बोलली. "मला वाटायचं, तुम्ही घाबरता. पोरंबाळं आहेत, घरांचे हप्ते आहेत. गल्ल्यावर उभी असले की मनाला सांगायचे, घाबरली होती बिचारी. नाहीतर नको असलेली पोरं माझ्याकडे ढकलणारी माझी नदीन नाही." तिने चष्मा काढला. "तेवढ्यावर दिवस जायचे गं."

तिने पाचही कार्डं उचलली, कडा सारख्या केल्या आणि पुन्हा मधोमध ठेवली. आपल्यापुढची बाकीची त्यांच्या शेजारी ठेवली.

"व्हर्ना, बस ना," नदीन म्हणाली. "अगं, मी घेते. मी घेते सगळी."

"घे," व्हर्ना म्हणाली. "चांगली पोरं असतात." आणि पर्स खांद्याला लावून निघाली.

हॅचर सर तिच्यामागे दारापर्यंत गेले, तिथेच उभे राहिले. खिडकीतून व्हर्नाची जुनी गाडी दिसत होती. ती आत बसली होती, दोन्ही हात स्टीअरिंगवर. गाडी हलत नव्हती.

नदीन उठली नाही. तिने वरचं निळं कार्ड ओढून घेतलं आणि नाव मोठ्याने वाचलं.

"हा माझ्याकडे."

टॅबिथा उरलेल्या चार कार्डांकडे बघत राहिली. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

नदीनने दुसरं कार्ड घेतलं.